नऊ इंच कमी पडले

आमच्या धाकटीचं, मनीषाचं, लग्न झालं ते सन दोन हजार बावीसच्या ज्येष्ठात. पोरगी इस्लामपूरला नांदायला गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मिरजेच्या आमच्या घरात, तिच्या रिकाम्या खोलीवरून दोन पक्ष पडले.

खोली ती केवढी? आठ फूट रुंद, नऊ फूट लांब. एक दार, समोर एक खिडकी. पण घरात तेवढीच एक जागा मोकळी.

"ती खोली पाव्हण्यांची," माझी बायको चंपा म्हणाली. "जलमभर कुणी मुक्कामाला आलं की मी माझं अंथरूण चुलीपाशी ओढलं. आता बास."

"आत्या, मला दार लावता येईल अशी जागा पाहिजे हो," सून सारिका म्हणाली. सारिका घरी बसूनच एका ट्रॅक्टर कंपनीचं काम करायची. शेतकऱ्यांचे फोन यायचे, ती तक्रारी ऐकून कॉम्प्युटरवर लिहून पुढं धाडायची. हे सगळं स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी बसून. "काल एक आजोबा मला म्हणाले, ताई, ट्रॅक्टरचं राहू द्या, आधी डाळ उतरवा. मी शिट्ट्या मोजतोय, चार झाल्या."

माझा मुलगा उदय डबा भरून कारखान्यात निघाला होता. दारातनं म्हणाला, "बाबा, सुतार तुम्ही. तुम्हीच तोड काढा," आणि गेला.

तोड काढायची म्हणून मी फुटपट्टी शोधत होतो, तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर खोकला ऐकू आला. सारिकाचे वडील आले होते. आमचे व्याही, तायाप्पा.

तायाप्पाही आमच्यातलेच, सुतार. मी शहरातला, कपाटं-पलंगांचा. ते जत भागातल्या खेड्यातले, बैलगाड्या आणि नांगर करणारे. त्या महिन्यात त्यांच्या मानेच्या गाठीवर मिरजेच्या दवाखान्यात शेक चालू होता. विजेच्या यंत्राचा शेक, आठवड्यातले पाच दिवस, एकूण तीस. रोज पहाटेच्या एसटीनं अडीच तास यायचं, शेक घ्यायचा, जाताना आमच्या पायरीवर दहा मिनिटं टेकून लेकीला बघायचं आणि परत अडीच तास. घरात येत नसत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पाण्याची बाटली ते गावाकडून भरून आणत. लग्नात जेवले, पण ते कार्यालयात.

सारिका सरबताचा पेला घेऊन बाहेर गेली. रोज न्यायची, रोज परत आणायची.

"ठेव गं आत," तायाप्पा म्हणाले. "तुला लेकरू झालं की सगळं एकदम पितो. मोजून ठेव."

लग्नाला चार वर्षं झाली होती. सारिका पेला घेऊन आत वळली. तायाप्पांच्याही लक्षात आलं. हातातल्या बाटलीचं टोपण ते उगाच फिरवत बसले.

मी शेजारी टेकलो. मान काळी पडली होती, सालपटं निघाली होती.

"किती झाले?"

"सहा. पर आता येत न्हाई म्हणतो, व्याही. काल गाडीतच चक्कर आली. कंडक्टरनं तोंडावर पाणी मारलं. एवढा पल्ला झेपंना."

"डॉक्टर म्हणाले ना, खाडा करायचा नाही म्हणून. खाडा केला तर केलेलं वाया जातं."

"म्हणूनच सगळंच सोडतो. अर्धं काम करण्यापेक्षा न केलेलं बरं."

"इथं राहा की मग."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी लाकडाच्या रेषेला आडवा रंधा मारला.

"मग लॉजवर राहा. दवाखान्यासमोर आहे."

"मिरजंत लेक नांदत असताना लॉजवर? गावात तोंड दावू का नको?"

म्हणजे लेकीकडं राहायचं नाही, कारण ती लेक. आणि दुसरीकडं राहायचं नाही, कारण इथं लेक. मी त्यांना म्हणालो, "शुक्रवारपर्यंत या. तीन दिवस. मग तुमची मर्जी."

"शुक्रवारपर्यंत कशाला?"

"माझ्या शब्दाखातर."

"बरं," म्हणाले, आणि स्टँडकडं निघाले. चालताना पाठीत इतके वाकले होते की सावली पायाशीच घोटाळत होती.

मी आत आलो तो उभा न राहता सरळ त्या खोलीत. डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं. कारागिराला हे कळतं, लाकूड हातात नसताना बोटं हलायला लागतात.

"सारिका, ऑफिस तुझं," मी म्हणालो. "चंपा, पाव्हण्यांची खोली तुझी."

"आणि मधे भिंत बांधणार का?" चंपा म्हणाली.

"भिंत आहे तीच वापरणार."

मी खडूनं जमिनीवर आखलं. खिडकीखाली दोन फुटांचं टेबल. दाराच्या कोपऱ्यात दीड फुटाचं कपाट. दोन्हींच्या मधे लांब भिंतीला साडेपाच फूट उरतात, तिथं पलंग. पण हा पलंग लांबच्या बाजूनं भिंतीला बिजागऱ्यांनी जोडायचा. दिवसा वर उचलून कडी घातली की नुसती फळी दिसणार, संध्याकाळी खाली पाडला की पलंग.

"दिवसा ऑफिस," मी म्हणालो, "आणि ऑफिस म्हणजे काही घर नव्हे. दारावर पाटी लावू. ऑफिसात मुक्काम केला तर लेकीच्या घरी राहिलं असं होत नाही."

सारिकाच्या डोळ्यांत आधी काही हललं नाही. मग एकदम सगळं हललं. "मामा, आबांसाठी?"

"येईल त्या पाव्हण्यासाठी," मी म्हणालो. "टेप धर."

ते तीन दिवस मी अजून विसरलेलो नाही. चौसष्ट वय होतं, गुडघे कुरकुरत होते, पण मी पंचविशीत करायचो तसं काम केलं. जुन्या दाराचं सागवान माळ्यावर होतं, ते उतरवलं. चंपा वाळूच्या कागदानं कडा घासायची. सारिका कानाला ते फोनचं यंत्र लावून एका हातानं फळी धरायची, तोंडानं बोलायची, "हो काका, हायड्रॉलिकचं तेल बघितलं का?" आणि मी रंधा मारायला लागलो की हातानं खूण करायची, थांबा. फोन ठेवला की मान हलवायची, चालू करा. एका गिऱ्हाइकानं विचारलं म्हणे, तुमच्याकडं कापणी चालू आहे काय.

आखणीला माझ्या वडलांचा गुण्या होता. काटकोन बघायचं साधन, शिसवीचा दांडा आणि पितळी पातं. आमच्या जुन्या लोकांत या गुण्याला मान होता. बाहेरून कारागीर बोलवायचा तर गुण्या त्याच्या हातात द्यायचा. त्यानं घेतला की त्या कामाचा तो मुख्य. मग काम पुरं होईपर्यंत त्याचं खाणं, पिणं, निजणं कामाच्या जागी, मग ती जागा वैऱ्याची असो. काम अर्धवट सोडून गेला तर नाव जातं. माझ्या वडलांनी असा गुण्या घेऊन एका गावात सव्वा वर्ष काढलं होतं. आता कोण देतंय आणि कोण घेतंय. मी तो नुसता रेघा मारायला वापरत होतो.

गुरुवारी संध्याकाळी पलंग बसला. मी वर उचलला, खाली पाडला, वर उचलला. कडीचा आवाज असा गोड की चंपा तीनदा उठून आली. मी त्यावर आडवा झालो. डोकं कपाटाला, पाय टेबलाच्या फळीला, अगदी अंगाबरोबर. मग एका पाटीवर पांढऱ्या रंगानं स्वतः 'ऑफिस' लिहिलं. अक्षरं मी त्रेपन्नाव्या वर्षी रात्रशाळेत शिकलो, म्हणून ती जरा जास्तच जपून काढतो. अर्धा तास लागला.

शुक्रवारी तायाप्पा आले तशी सारिका पायरीपाशी गेली. "आबा, घरात येऊ नका. ऑफिस बघायला तर याल?"

त्यांनी पाटीकडं बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, सारिकानं वाचून दाखवलं. चपला काढून ते आत आले आणि दारातच थांबले. सुतार माणूस, आधी हात फिरवला. बिजागरी बघितली. कडी काढून पलंग खाली घेतला, सांध्यावर नखानं टिचकी मारली.

"काम चांगलं हाय," म्हणाले. माझी छाती फुगली.

"हा कुणासाठी?"

"येईल त्या पाव्हण्यासाठी."

"पाव्हणा केवढा?"

एवढं म्हणून ते पाठ ताठ करून उभे राहिले. कितीतरी आठवड्यांनी सरळ उभे राहिले असतील. डोकं चौकटीला लागलं. मी पलंगाकडं बघितलं.

आमच्या धंद्यात जिवंत माणसाला निजवून माप घेत नाहीत. ते माप एकदाच घ्यायचं असतं आणि ते दुसरे लोक घेतात. म्हणून पलंगाचं माप नेहमी अंदाजानं, उभ्या माणसाला नजरेनं तोलून. आणि मी तायाप्पांना, दवाखान्याच्या तपासण्या सुरू झाल्यापासून गेले दोन महिने, पायरीवर बसलेलं नाहीतर वाकून चालताना बघितलं होतं. अंदाज त्या वाकलेल्या माणसाचा धरला आणि वर स्वतः झोपून खात्री करून घेतली. हा माणूस सव्वासहा फूट. माझा पलंग साडेपाच. नऊ इंच कमी.

"हा पलंग हाय का पाळणा?" तायाप्पा म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं. "आणि व्याही, पाटी लावली म्हणून घराची कचेरी होती व्हय? मग मी जाऊन गोठ्याला पाटी लावतो. म्हस रोज सही करंल."

कुणी हसलं नाही. ते स्वतःच थोडं हसले, मग चपलेत पाय घालायला वळले. "मन मोठं हाय तुमचं. पर मला जमणार न्हाई. सोमवारपासनं मी येत न्हाई. सारिके, जिवाला लावून घेऊ नको."

सारिका टेबलाला धरून उभी होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं घेतला आणि म्हणाली, "काका, एक मिनिट थांबा," आणि पुढं तिला बोलताच येईना. पलीकडून तो माणूस 'हॅलो, हॅलो' करत राहिला.

चंपा स्वयंपाकघराच्या दारात होती. ती म्हणाली, "पाव्हणं, एक विचारू? तुमच्या गावात एखाद्यानं चाक असं वाकडं केलं असतं, तर तुम्ही बघून तसंच पुढं गेला असता?"

"न्हाई गेलो."

"मग हे यांचं वाकडं काम बघून कसं निघालात? नऊ इंच चुकलेत. जगभर पलंग केलेत म्हणत्यात आणि घरातला एक धड जमला नाही. सुधारायचं कुणी?"

मला राग यायला हवा होता. पण बोलताना तिची नजर माझ्यावर नव्हती. ती बघत होती कपाटावर ठेवलेल्या गुण्याकडं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी गुण्या उचलला. दोन्ही हातांवर धरला, वडील धरत तसा, पातं आपल्याकडं आणि दांडा समोरच्याकडं.

"तायाप्पा," मी म्हणालो, "माझ्याच्यानं हे काम चुकलंय. तुम्ही पुरं करून द्या."

ते बघत राहिले. त्यांना रीत माहीत होती, माझ्यापेक्षा जास्त. फोनमधला माणूस विचारत होता, "ताई, हाय का तुम्ही?" सारिका म्हणाली, "आहे हो काका, थांबा."

"हा तुमच्या वडलांचा का?" तायाप्पांनी विचारलं.

"त्यांचाच."

"शिसवी?"

"शिसवी."

"मी घेतला तर काम पुरं झाल्याबिगर जाणार न्हाई. ठावं हाय न्हवं? ते एका दिसात हुतंय का महिन्यात, ते मी ठरवणार. मधे बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

त्यांनी पायातली चप्पल परत काढली, हात धोतराला पुसले आणि गुण्या घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला. मग लेकीकडं न बघता म्हणाले, "काय गं, कामावरच्या माणसाला पाणी इचारायची पद्धत हाय का न्हाई हितं?"

सारिका पळाली ती फोन हातात घेऊनच. तांब्या भरून आणला. त्यांनी वरून धार धरली, गळ्याला त्रास होत होता तरी थांबून थांबून सगळा तांब्या संपवला. चार वर्षांत लेकीच्या घरचं पहिलं पाणी. सारिका रडत होती आणि रडता रडता फोनमध्ये सांगत होती, "नाही काका, मला काही झालं नाही. तुम्ही बॅटरीचं सांगा."

हत्यारं आणायची मुभा रीतीत होती, तेवढ्यापुरते ते गावी गेले आणि सोमवारी आले ते हत्यारांची पिशवी घेऊन. बाटली आणली नव्हती.

नऊ इंचांवर त्यांनी काढलेली तोड मला सुचली नसती. पलंग वर उचलायचा म्हणजे तो टेबलाच्या आड येता कामा नये. त्यांनी पायथ्याला खणासारखी सरकणारी फळी केली. टेबलाच्या बाजूच्या फळीत चौकोन कापला. पलंग पाडला की खण ओढायचा, तो त्या चौकोनातून टेबलाखाली जातो. उचलायच्या आधी परत आत ढकलायचा. माप असं नेमकं की कागद जाणार नाही.

हे काम झालं दोन दिवसांत. शेक राहिले होते एकोणीस.

बुधवारी ते दवाखान्यात गेल्यावर मी खोलीत गेलो, दार लावलं आणि त्या खणाचा एक स्क्रू दोन सूत ढिला केला. दोन सूत म्हणजे पाव इंच. संध्याकाळी त्यांनी खण ओढला, डोकं हलवलं. "व्याही, हालतंय. उद्या बघावं लागंल." गुरुवारी सकाळी त्यांनी तो आवळला. ते गेले, मी ढिला केला. शुक्रवारी परत तेच. मी मनातल्या मनात एवढा खूश की चंपा म्हणाली, "तुम्हाला काय झालंय? शिट्टी काय वाजवताय?" मी तिला सांगितलं नाही. गुपित एकाचंच बरं.

आणि ती खोली काय चालली म्हणता. सकाळी नऊला सारिकाचं काम सुरू. तायाप्पांना शेकाला जायचं अकराला, आणि गळून गेलेले, म्हणून दहापर्यंत पडून असत. त्यांचे पाय खणावर, खण टेबलाखाली, आणि टेबलाला सारिका. ती फोनवर बोलताना आपली पावलं बापाच्या पावलांवर ठेवून बसायची. लहानपणी ती त्यांच्या पावलांवर उभी राहून घरभर चालायची, असं तायाप्पांनी चंपाला सांगितलं. पडल्या पडल्या कान फोनकडं.

"त्याला म्हण, क्लचची तार बघ."

"आबा, गप्प बसा. माझं रेकॉर्ड होतंय."

"हुंदे. तार तुटली असंल."

तारच तुटलेली असायची. एकदा तिच्या वरच्या साहेबानं विचारलं, तुमच्या मागं कोण असतं? ती म्हणाली, तज्ज्ञ.

आषाढ लागला. मनीषाच्या सासरी तळण द्यायला आम्ही दोघं इस्लामपूरला गेलो, पावसानं तिथंच अडकलो. दोन मुक्काम पडले. मला तिथं घास गोड लागेना. दोन दिवस स्क्रूला हात लागला नव्हता. काम पुरं झालंय म्हणून तायाप्पा गुण्या परत ठेवून निघून गेले असतील. शेक अजून सहा राहिले होते.

तिसऱ्या दिवशी भिजत घरी आलो तो तसाच खोलीकडं. ते पलंगावर बसून पेज पीत होते.

"आलात," म्हणाले. "बरं झालं. ह्यो खण बघा. आज परत दोन सूत ढिला. काल पण तसाच."

मी वाकून बघितलं. स्क्रू वर आला होता. बरोबर दोन सूत, मी करायचो तेवढाच.

घरात त्या दिवसांत सारिका आणि उदय. सारिकानं कधी पेचकस हातात धरलेला नाही, आणि उदयला स्क्रू आणि खिळा यांतला फरक कळत नाही. मी वर बघितलं. तायाप्पा पेजेच्या वाटीत बघत होते.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "लाकूड वाळतंय हो."

बाहेर चार दिवस झड लागली होती. भिंतींना ओल आली होती, घरातलं एक दार फुगून लागत नव्हतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वाळत नाही, हे सुताराच्या रांगत्या पोराला माहीत असतं.

तायाप्पांनी पेजेचा घोट गिळला. "वाळणारच," म्हणाले. "ह्या दिसांत लय वाळतंय."

"आवळायला पाहिजे."

"उद्या आवळू. घाई काय हाय."

त्यानंतर मी परत स्क्रूला हात लावला नाही. गरज नव्हती.

तिसावा शेक झाला त्या दिवशी दवाखान्यातून येऊन त्यांनी पेचकस घेतला, स्क्रू आवळला आणि त्याच्या डोक्यावर लाकडाची चकती ठोकून तो कायमचा बंद केला. खण तीनदा ओढला, तीनदा ढकलला. मग गुण्या दोन्ही हातांवर धरून माझ्यापुढं आले, दांडा माझ्याकडं.

"काम पुरं झालं, व्याही."

"झालं," मी म्हणालो.

दारात सारिकानं सरबताचा पेला पुढं केला. काम संपलं होतं, त्यांनी घेतला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टँडकडं निघाले. या खेपेला ताठ चालत होते.

पुढच्या वर्षाच्या अखेरीला सारिकाला मुलगी झाली. बारशाला तायाप्पा आले, पायरीवर न बसता सरळ आत आले, आणि त्या दिवशी पेल्यामागून पेले सरबत प्यायले. आता त्यांना कसलीच आडकाठी नव्हती. तरी मुक्कामाला येत ते हत्यारांची पिशवी घेऊनच, आणि आल्याबरोबर खण ओढून बघत.

आमचे व्याही तायाप्पा सुतार दोन हजार पंचवीस साली माघ महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, जतकडं आपल्या घरी वारले.